स्टॅनर्डबाईंना माहीत नसलेली वाट

मर्ल गुद्रोचा कुणावरही विश्वास नाही. यात कुणी वाईट वाटून घेऊ नये, कारण तो माणसामाणसांत भेद करत नाही. हवामानखातं, दंतवैद्य, दुधाच्या बाटलीवर छापलेली तारीख आणि माझ्या दुकानातला तराजू, या सगळ्यांवर त्याचा सारखाच अविश्वास आहे. माझ्याकडून वजनावर खिळे नेले की तो घरी जाऊन ते मोजतो. एकदा अंदाजापेक्षा दोन जास्त निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन खिळे त्याने माझ्या गल्ल्यावर ठेवले आणि विचारलं, "हे कशासाठी?"

वेस्ट हार्लो या आमच्या गावात मी तीस वर्षं लोखंडी सामानाचं दुकान चालवतो. मर्ल चौतीस वर्षं गावचं ग्रेडर चालवतो. व्हरमाँटातल्या आमच्यासारख्या गावांचे निम्मे रस्ते मातीचे, आणि दर वसंतात त्यांचा लगदा होतो. तो लगदा पुन्हा रस्ता आहे असं लोकांना पटवून देणारं जे पिवळं धूड असतं, ते ग्रेडर. आजूबाजूच्या गावांतले रस्ते मे महिन्यात गाड्या गिळतात, आमचे गिळत नाहीत. याचं कारण मर्लचा संशयी स्वभाव. "पाण्याएवढं लबाड जगात कुणी नाही," असं तो म्हणतो. "समोरून सरळ उतरतंय असं दाखवतं आणि मागून येऊन रस्ता खातं. त्याच्याकडे पाठ करायची नाही."

तेहतीस वर्षांपूर्वी त्याचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, डोंगर चालणं बंद, सायकल चालव. मर्लला पहिला संशय आला की डॉक्टरचा सायकलीचा धंदा आहे. चौकशीअंती तसं काही निघालं नाही, तेव्हा त्याने कुणाच्या तरी अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून जाड चाकांची एक निळी डोंगरी सायकल आणली. त्या काळी आमच्याकडे रानात सायकल घेऊन जाणारा माणूस म्हणजे एकतर हरवलेला किंवा दारू प्यायलेला. मर्ल दोन्ही नव्हता. वर्षभरात त्याने कुदळ, करवत आणि संशय या तीन हत्यारांनिशी एक वाट काढली. पाणी कुठून कट रचून येईल हे आधी ओळखून तिला इतके उतार दिले, की बत्तीस पावसाळी वसंतांत ती एकदाही वाहून गेली नाही.

त्या वाटेला आम्ही 'कवळी' म्हणतो. तरुणपणी बर्फावरच्या हॉकीत मर्लचे वरचे चार दात गेले, त्यांच्या जागी बसवलेले चार या वाटेवरच्या खडकांत पडले. ते कधीच सापडले नाहीत. तेव्हापासून त्या रानातली प्रत्येक खार त्याच्या संशयितांच्या यादीत आहे.

आता अडचण अशी, की गावाच्या उत्तरेला गावचं रान आहे, तिथे सायकलींच्या छान वाटा आहेत. दक्षिणेला जुन्या दगडखाणीचं सरकारी रान आहे, तिथेही वाटा आहेत. आणि या दोन्हींच्या मध्ये आहे स्टॅनर्डांची राई, ज्यांच्या रसाचा पाक करतात त्या मेपलच्या झाडांची. कवळी त्या राईतून जाते. कवळी आहे म्हणून उत्तरेकडचा माणूस दक्षिणेला जाऊन दुपारी घरी परत येतो. कवळी नसेल, तर दोन्हीकडे जिथून निघालो तिथेच परत आणून सोडणारी दोन वेटोळी उरतात.

हॉवर्ड स्टॅनर्ड जिवंत असताना मर्लने त्याला कधी विचारलं नाही. हॉवर्डनेही कधी काही म्हटलं नाही. फक्त पानं झडली की मर्ल राईतल्या गाडीवाटेखालची पाण्याची मोरी साफ करायचा, कुणी न सांगता. आणि एप्रिलात मर्लच्या ओसरीवर मेपलच्या पाकाचा एक डबा येऊन बसायचा, चिठ्ठीशिवाय. हॉवर्ड गेला, मागे त्याची बायको अल्थिया राहिली. मोरी साफ होत राहिली, डबा येत राहिला. आमच्याकडे करार असेच असतात. दोन्ही बाजूंनी तोंड उघडलं नाही की तो पक्का समजायचा.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना गेल्या सप्टेंबरात मर्लला एक मोटार दिसली.

मोटारीची नंबरपाटी कनेटिकट राज्याची होती. सलग तीन रविवार ती स्टॅनर्डांच्या कुंपणाशी उभी होती. तिसऱ्या रविवारी मर्लने तिच्या मालकालाही पाहिलं: पन्नाशीचा, नवे कोरे बूट, आणि समोर तीन पायांवर उभं केलेलं मोजणीचं यंत्र.

"स्टॅनर्डबाईंचा भाचा आहे," मर्लने दुकानात येऊन मला हळूच सांगितलं. दुकानात आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. "ब्रॅडली नाव. बाई ऐंशी पार झाल्या, मूलबाळ नाही. हा जमीन मोजतोय. मोजतोय म्हणजे विकणार."

"कशावरून? शेवाळ मोजत असेल."

"कनेटिकटचा माणूस शेवाळ मोजायला तीन तास गाडी चालवत येतो?"



आणि नेमक्या याच भीतीपोटी मर्लने जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. त्याने कागदावर विश्वास ठेवला.

कागद होता कोर्टनी फेल्प्सचा. कोर्टनी आमच्या सायकल क्लबची अध्यक्ष. बॉस्टनहून येऊन तिला फक्त अकरा वर्षं झालीत, त्यामुळे ती अजून नवीनच आहे. पण मुलगी कामाची. तिने गावातल्या सगळ्या वाटांचा एक नकाशा करून राज्याच्या यादीत घालायचं ठरवलं होतं. यादीत नाव आलं की ओढ्यावर पूल मिळणार, पाट्या मिळणार. कवळीच्या तोंडाशी 'ही वाट मर्ल गुद्रो यांनी बांधली' अशी पाटी लावायचंही तिच्या मनात होतं. त्यासाठी फक्त जमीनमालकाची सही लागणार होती. आणि मर्लला वाटलं, सही झाली तर उद्या भाच्याने जमीन विकली तरी वाट वाचेल.

मर्लच्या आग्रहाने साक्षीदार म्हणून मीही त्या दोघांबरोबर गेलो. कोर्टनीने पुढच्या दाराची घंटा वाजवली. तिथेच मला कळलं की काम बिघडलं. आमच्याकडे माणसं मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून येतात. पुढच्या दाराने फक्त पोलीस, पाद्री आणि विमा विकणारे येतात. दार उघडायला पाच मिनिटं लागली, कारण ते बहुधा हॉवर्डच्या प्रेतयात्रेनंतर उघडलंच नव्हतं.

अल्थिया स्टॅनर्ड म्हणजे सत्तावीस वर्षं गावच्या कचेरीची कारकून. जन्म, मृत्यू, जमिनी आणि कुत्र्यांचे परवाने यांतलं काहीही तिच्या हाताखालून गेल्याशिवाय गावात खरं मानलं जात नसे. एकदा मी कुत्र्याच्या अर्जावर वर्षाच्या जागी नुसतं '९१' लिहिलं, तर तिने तो परत केला. "अठराशे एक्क्याण्णव की एकोणीसशे?" म्हणाली. कुत्रा माझ्या पायाशी उभा होता.

"बाई," कोर्टनीने सुरुवात केली, "गेली बत्तीस वर्षं आमचे सायकलवाले तुमच्या राईतून जातात, त्याबद्दल आधी तुमचे आभार—"

"कोण जातं?"

"सायकलवाले."

"माझ्या राईतून?" बाई मर्लकडे वळल्या. "मर्ल, ही काय म्हणते आहे?"

मर्ल स्वतःच्या बुटांवर संशय आल्यासारखा खाली बघत होता. "वाट आहे, बाई. हॉवर्ड होता तेव्हापासून."

"मला माहीत नव्हतं."

कोर्टनी हसली. तिला वाटलं, विनोद आहे. "अहो बाई, तुमच्या खिडकीतून तर दिसते!"

"खिडकीतून मी हवा कशी आहे ते बघते," बाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. "कागद."

चार पानी कागद त्यांनी दोनदा वाचला. आम्ही उभेच. बसा म्हणायचं त्या विसरल्या नव्हत्या, त्यांनी म्हटलं नव्हतं.

"इथे लिहिलंय, मला या वाटेची पूर्ण कल्पना आहे."

"हो, तशी भाषा असते," कोर्टनी म्हणाली.

"कल्पना आली की जबाबदारी आली. दुसऱ्या पानावर विमा आला. तिसऱ्यावर वकील आला. मर्ल, आजवर त्या वाटेवर किती वकील पडले?"

"एकही नाही, बाई."

"बघ. मला जे माहीत नव्हतं त्याला माझी हरकत नव्हती. आता तू पुढच्या दाराने येऊन मला सांगितलंस. आता मला काहीतरी उत्तर द्यावं लागणार." आणि कागद चार घड्या करून त्यांनी कोर्टनीच्या हातात परत ठेवला.

नऊ दिवसांनी बाई माझ्या दुकानात आल्या. त्यांनी एक्केचाळीस पिवळ्या पाट्या घेतल्या. 'खासगी जमीन, प्रवेश बंद', खाली मालकाचं नाव लिहायला एक रेघ आणि तारखेला एक रेघ. खिळ्यांचं एक खोकं. पाट्या घेणाऱ्याला मी काळा मार्कर फुकट देतो, पावसाने न पुसणारा. मी तो पिशवीत टाकला. बाईंनी तो बाहेर काढून गल्ल्यावर ठेवला.

"नको. लागणार नाही."

दोन दिवसांत राईभोवती पाट्या लागल्या. शिडी भाच्याने धरली होती, किंवा बाईंनी धरली होती आणि भाचा चढला होता. मर्लने लांबून पाहिलं, त्यामुळे नक्की कोण वर होतं ते सांगता येत नाही. पण भाचा होता, एवढं त्याला पुरलं.

कवळी बंद झाली. क्लबात हाहाकार उडाला. रात्री चोरून जाऊ म्हणणारे निघाले, त्यांना मर्लने असं झापलं की ते दिवसाही कुठे गेले नाहीत. त्याने स्वतः एक चाकही आत घातलं नाही. पण रस्त्यावरून चालत चालत त्याने एकेक पाटी वाचली. मग माझ्या दुकानात आला, दार लावून घेतलं, आणि दारावरची 'उघडं आहे' ही पाटी उलटी फिरवली.

"किती विकल्यास?"

"गिऱ्हाइकाने काय नेलं ते मी सांगत नसतो."

"तू काय डॉक्टर आहेस? खिळे विकतोस! एक्केचाळीस ना?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळीस लागल्यात. एकीवरही तारीख नाही."

मी हातातला चहा खाली ठेवला. आमच्याकडचा नियम लहान पोरालाही ठाऊक आहे. अशा पाटीवर त्या वर्षाची तारीख लागते, आणि कचेरीत जाऊन तशी नोंद करावी लागते. दोन्ही नसेल तर ती पाटी म्हणजे झाडाला ठोकलेला पिवळा पुठ्ठा.

"मार्कर घेतला होता?" मर्लने विचारलं.

"फुकट देत होतो. परत केला."

मर्ल रंगाच्या डब्यावर बसला. "काय म्हणाली? शब्दाला शब्द सांग."

"'नको. लागणार नाही.'"

"आधी 'नको' आणि मग 'लागणार नाही'?"

"याच क्रमाने."

"हं," मर्ल म्हणाला. मर्लचं 'हं' म्हणजे इतर माणसांचं एक आख्खं भाषण असतं.

संध्याकाळी कोर्टनी आली. तिचं मत सरळ होतं. "एक्क्याऐंशी वर्षांची बाई आहे हो. विसरली असेल."

"विसरली?" मर्ल म्हणाला. "ती? माझ्या लग्नाच्या दाखल्यावर पाद्रीने तारीख उलटी घातली, तर तिने मला दोन आठवडे अविवाहित ठेवलं होतं. डॉटी माहेरी जाऊन बसली. आणि ती एक्केचाळीस वेळा विसरली?"

"मग काय?"

"सापळा असेल. पहिला आत जाईल त्याला पकडायचा. भाचा झाडामागे."

"पण मर्ल, तारीख नसेल तर पकडता येत नाही ना?"

 संशयी माणसाची मोठी पंचाईत असते. चांगली बातमी आली की ती धरायची कुठून हेच त्याला कळत नाही.

नोंद झाली की नाही हे कचेरीत कळलं असतं. कचेरीची आताची कारकून म्हणजे डॉटी, मर्लचीच बायको. अल्थियाबाईंच्या हाताखाली तयार झालेली. मर्लने रात्रीच्या जेवणावर तिला सहज विचारून पाहिलं. डॉटी म्हणाली, "कचेरी नऊ ते चार. भाजी वाढू?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मर्ल खिडकीपुढे उभा राहिला. मागे मी, साक्षीदार.

"बोला," डॉटी म्हणाली.

"डॉटी, स्टॅनर्डबाईंनी—"

"नाव?"

"काय नाव?"

"आपलं नाव. अर्जदाराचं."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला!"

"गुद्रोसाहेब, मागे लोक आहेत."

मागे मीच होतो. मर्लने नाव लिहिलं, सही केली, तारीख घातली, वर्ष चार आकडी. डॉटीने वही उघडली, बोट फिरवलं आणि वही मिटली. "या वर्षी स्टॅनर्ड नावाने एकही नोंद नाही." मग चष्म्यावरून नवऱ्याकडे बघत खालच्या आवाजात म्हणाली, "बाई परवा आल्या होत्या. माझ्यासाठी केक घेऊन. अर्धा तास बसल्या, पाट्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. येताना दूध आण."

बाहेर पायरीवर मर्ल थांबला. मला सगळं लख्ख दिसत होतं. पाट्या विमेवाल्यासाठी आहेत, शिकाऱ्यांसाठी आहेत, जो कोणी विचारेल त्या प्रत्येकासाठी आहेत. जो विचारणार नाही त्याच्यासाठी तारखेची रेघ कोरी आहे. मी हे मर्लला सांगितलं.

"असंच आहे असं आपल्याला वाटावं, हाच तिचा डाव असेल," मर्ल म्हणाला.

कोर्टनीला मात्र ऐकताक्षणी आनंद झाला. "मग प्रश्नच मिटला! मी बाईंना छानसं पत्र लिहून विचारते, की पाट्यांवर मुद्दाम तारीख घातली नाही ना, म्हणजे आम्ही—"

"विचारू नकोस!" मर्ल ओरडला. बत्तीस वर्षांत मी त्याला ओरडताना पाहिलं नव्हतं. "विचारलं म्हणून तर पाट्या लागल्या. मी विचारलं. मी! पाण्याकडे पाठ केली मी त्या दिवशी."

कोर्टनीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हटली नाही. "आणि बाई गेल्यावर? भाच्याने विकली तर? तेव्हा कुणाच्या न बोलण्यावर चालवणार सायकल? मंगळवारी पंचांपुढे नकाशा आहे. कवळी त्यावर असेल तर ती निदान कागदावर तरी असेल. नसेल, तर मर्ल, तुमची वाट कधी नव्हतीच असं होईल."

ती चूक बोलत नव्हती, हीच तर पीडा. मर्लला नेमकी तीच भीती होती. मंगळवारपर्यंत तो ना नीट जेवला, ना त्याने एक रस्ता सपाट केला. सोमवारी ग्रेडर गावच्या चौकात तासभर नुसतं सुरू होतं आणि आत मर्ल समोर बघत बसला होता.

मंगळवारी शाळेच्या जेवणघरात सभा भरली. गावचे तीन पंच मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. कोर्टनीने भिंतीवर नकाशा लावला. उत्तरेच्या वाटा हिरव्या, दक्षिणेच्या हिरव्या आणि मध्ये पेन्सिलीने काढलेली एक अस्पष्ट रेघ. मंजुरी मिळाली तर ती शाईने पक्की करायची होती. शेवटच्या रांगेत अल्थियाबाई विणकाम घेऊन बसल्या होत्या. शेजारी भाचा. मर्लने त्याला पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आमच्यापैकी नक्की कोण फितूर आहे ते त्याला ठरवता आलं नाही.

"ही मधली रेघ काय आहे?" एका पंचाने विचारलं.

कोर्टनीने तोंड उघडलं. पण त्याआधी मागून आवाज आला. विणायच्या सुया थांबलेल्या होत्या.

"माझ्या जमिनीचा भाग दिसतो तो, म्हणून विचारते. तिथे काही वाट आहे का, मर्ल? रस्त्यांचं तुला कळतं."

मर्ल उभा राहिला. बाक लहान असल्यामुळे त्याला उभं राहायला दोन प्रयत्न लागले. बत्तीस वर्षं, चार दात, एक गुडघा आणि होऊ घातलेली एक पाटी त्याच्या तोंडावर दिसत होती. कोर्टनी त्याच्याकडे बघत होती आणि तिची मान अगदी थोडी, 'नाही म्हणू नका' अशी हलत होती.

"नाही, बाई," मर्ल म्हणाला. "माझ्या तरी माहितीत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. सुया सुरू झाल्या.

पंचाने ती रेघ खोडायला सांगितली. कोर्टनीने ती खोडली, आणि खोडताना रबर इतकं दाबलं की नकाशा तिथे फाटला. पूल गेला. पाटीही गेली. सभा पुढच्या विषयावर गेली, कचरापेटीवर. पंधरा मिनिटांनी बाईंनी लोकर गुंडाळली, उठल्या आणि जाताना मर्लच्या बाकापाशी थांबल्या.

"परवाच्या वाऱ्यात वरच्या झऱ्यापाशी एक बीचचं झाड आडवं पडलंय. तुला माहीत नसेल."

"नाही, बाई. मी तिकडे जात नाही."

"नसशीलच जात."

गुरुवारी सकाळी मर्ल पाठीला हातकरवत बांधून दुकानात आला. "चल."

"कुठे?"

"साक्षीदार पाहिजे. मला पकडलं तर कुणीतरी गावात सांगायला हवं."

उत्तरेकडून आम्ही सायकलींवरून पिवळ्या पाटीपर्यंत आलो. मर्लने ती पुन्हा वाचली, मागच्या बाजूनेही बघितली. मग सायकलवर न बसता, ती हाताने ढकलत पाटीच्या पुढे गेला. कवळीवर पानांचा थर होता, खाली जमीन कोरडी. झऱ्याच्या अलीकडे यंत्रकरवतीचा आवाज आला, तसा मर्ल एका झाडामागे झाला. त्याच्यामागे मी, आणि दोन सायकली. एवढं सगळं मावेल इतकं जाड ते झाड नव्हतं.

आवाज बंद झाला. "या या," ब्रॅडली म्हणाला. त्याचे नवे बूट एव्हाना आमच्या चिखलाच्या रंगाचे झाले होते. "आत्या म्हणाली, इथून कुणी येणार नाही. पण कुणी आलंच, तर करवत बंद करून आधी त्याला जाऊ दे."

मर्ल झाडामागून बाहेर आला. आडवं बीच मधोमध कापलेलं होतं आणि ओंडका बाजूला लोटलेला होता.

"तुम्ही इथले, म्हणून विचारतो," ब्रॅडली म्हणाला. "ट्रॅक्टरला आठ फूट लागतात. आमच्या पाकाच्या गाडीला पाच. तिने मला टेप हातात देऊन सांगितलं, अडीच फूट काप, आणि कडा घासून काढ. अडीच फुटांतून जातं तरी काय?"

"मला काय माहीत?" मर्ल म्हणाला.

ब्रॅडलीने मर्लकडे बघितलं. मग त्याच्या हातातल्या निळ्या सायकलीच्या हँडलकडे. 

आता मर्लला राहवेना. "सप्टेंबरात ते तीन पायांचं यंत्र कशाला आणलं होतंस?"

"उतार मोजायला. मेपलचा रस वाहून नेणाऱ्या नळ्या जुन्या झाल्यात, मार्चाच्या आत नव्या टाकायच्या आहेत. कनेटिकटातलं घर विकलं मी. आत्या शिकवते आहे."

"विकलंस ते तिकडचं?"

"मग, हे थोडंच विकेन?"

मर्लने हे वाक्य आतून-बाहेरून तपासलं. त्यात कुठेही भोक सापडत नाही म्हणून तो अस्वस्थ झालेला दिसला. त्याने वर, नळ्यांसाठी बांधलेल्या दोरीकडे पाहिलं. "उतार किती धरलास?"

"शंभराला दोन."

"कमी आहे. तिकडच्या चपट्या खडकापाशी रस थांबून राहील. एप्रिलात तिथे खालून पाणी फुगतं, जमीन वर येते."

"तुम्हाला कसं माहीत?" ब्रॅडली म्हणाला. "तुम्ही तर इकडे कधी येत नाही."

 मर्लने त्या खडकाकडे पाहिलं, झऱ्याकडे पाहिलं.

"लांबून दिसतं," तो म्हणाला.

मग तो सायकलवर बसला आणि त्या फटीतून निघाला. हँडलच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. माझी सायकल नव्या पद्धतीची, रुंद हँडलची, मला उतरून ती वाकडी करून काढावी लागली. पलीकडे गेल्यावर मर्ल थांबला होता.

"करवत सुरू झाली नाही अजून," तो कुजबुजला. "बघतोय का आपल्याकडे? वळून बघ. मी बघणार नाही."

मी वळून बघितलं. ब्रॅडली आमच्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्यासमोर एक धडधाकट मेपल होतं, ज्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं, आणि तो ते अगदी मन लावून न्याहाळत होता.

"नाही," मी म्हणालो. "झाड बघतोय."

"हं," मर्ल म्हणाला, आणि उतारावर ब्रेक सोडला.